न ऐकलेला पहिला अंक

ब्राँक्स, न्यूयॉर्क
मार्चअखेर, १९८८

प्रिय वेंडेल,

निल्साच्या घरी सोफ्यावर बसून लिहितोय. तोच सोफा, ज्याच्यावरचं प्लास्टिकचं आवरण काढायचं माझी बहीण नाव घेत नाही. कूस बदलली की असा कडकड आवाज होतो की मीच दचकून जागा होतो, आणि सकाळी गालावर प्लास्टिकच्या घडीची रेघ असते. तिची मुलं म्हणतात, "मामा आज पुन्हा चुरगळला." बहिणीने दारातून हाकललं नाही हेच पुष्कळ. पण ती रोज भातात ओली तूर घालते आणि रोज विचारते, "काय रे एफ्राइन, खोली बघितलीस का कुठे?" मी दोन्ही निमूटपणे गिळतो.

आधीच सांगून ठेवतो. या पत्रात तुला पाठ असलेल्या पुष्कळ गोष्टी मी नव्याने सांगणार आहे. 'हे मला माहीत नाही का रे?' असं तू दहादा म्हणशील. खुशाल म्हण. तसं लिहायला कारण आहे आणि ते मी शेवटी सांगेन. मध्यंतरातच शेवट विचारणाऱ्या माणसांवर तू किती चिडायचास. तेव्हा आता जरा दम धर.

पहिल्यांदा रेकॉर्ड्सचं सांगतो, कारण तुझा जीव तिथे अडकला असणार. भिंत गेली, वेंडेल. संगीत नाटकांची आपली सगळी भिंत, तू अक्षरवार लावलेली, खिडकीपासून न्हाणीच्या दारापर्यंतची. तुझे वडील आणि भाऊ तुला इस्पितळातून थेट विमानतळावर घेऊन जाणार होते, हे मला इस्पितळात कुणी सांगितलं नाही. का सांगावं? तिथल्या कागदावर मी 'मित्र' होतो, आणि मित्राला भेटीच्या वेळेत फक्त भेटता येतं. मी हॉटेलात दुपारची पाळी करून घरी आलो तर दार सताड उघडं आणि तुझे वडील केर काढत होते. मला त्यांचा राग करायचा होता, अजूनही करायचा आहे. पण परक्या शहरातलं घर कायमचं सोडताना जो माणूस कोपऱ्याकोपऱ्यातला केर काढतो, त्याच्यावर ओरडायचं तरी कसं? त्यांनी हॅट काढली आणि म्हणाले, "वेंडेलबरोबर भाडं वाटून घेणारे ते तुम्हीच ना? तुमचं काही राहिलं असेल तर बघून घ्या." मी बघितलं. कपाटात माझे शर्ट होते, ते घेतले. बाकी त्या घरात माझं काय आणि तुझं काय, हे मी कसं सांगणार होतो? पलंग एकच होता. त्याच्याकडे ते बघत नव्हते, मग मीही बघितलं नाही.

मी विचारलं, "रेकॉर्ड्स कुठे आहेत?" ते म्हणाले, "चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानाला दिल्या. तेवढाच कुणा गरिबाला उपयोग." मी म्हणालो, "त्या माझ्याही होत्या." तेव्हा ते जरा गोंधळले. खरंच गोंधळले, नाटक नव्हतं ते. म्हणाले, "पण नाव तर सगळ्यांवर वेंडेलचं होतं." होतंच. तुझं अक्षर मोत्यासारखं आणि माझं म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून प्रत्येक कव्हरच्या मागे कोपऱ्यात निळ्या शाईने तुझी आद्याक्षरं घालायचं काम तुझ्याकडे होतं. माझी टिप आणि तुझी शाई. भाडेकराराचंही तेच. पत्रपेटीवरही तुझंच नाव, कारण दोन नावं लावली तर खालची बाई काय म्हणेल, असं आपणच ठरवलं होतं. इतकी वर्षं आपण माझं नाव सगळीकडून झाकून ठेवलं, आणि गरज पडली तेव्हा ते कुठे सापडेना. मी शर्ट बगलेत मारून निघालो. तुझे वडील जिन्यापर्यंत सोडायला आले. सभ्य माणूस. त्यामुळे तर काहीच करता आलं नाही.

आपली गाठ पडली ती आठवतेय ना? 'मिस ऑर्लाचे भाडेकरू'च्या मध्यंतरात, थिएटरबाहेरच्या फुटपाथवर, जानेवारीतल्या बर्फात. मी तेव्हा चांगला मुरलेला 'दुसरा अंकवाला' होतो. तिकिटाला पैसे नसलेल्यांची ती जुनी रीत: मध्यंतरात लोक सिगारेट ओढायला बाहेर येतात, त्यांच्यात मिसळायचं, कुणी टाकलेली कार्यक्रमपत्रिका हातात धरायची, 'पहिला अंक बरा होता हं' असा चेहरा करायचा आणि घंटा झाली की लोंढ्याबरोबर आत शिरून मागे उभं राहायचं. नियम एकच. कितीही थंडी असो, कोट घालायचा नाही. ज्याने तिकीट काढलंय त्याचा कोट आत खुर्चीवर असतो. कोटातला माणूस म्हणजे रस्त्यावरून आलेला, हे डोअरकीपर लांबूनच ओळखतो. आणि तू! नेब्रास्काहून नुकताच उतरलेला, गुडघ्याच्या खाली येणारा तपकिरी कोट, कानटोपी, वर बोटभर बर्फ. तुला कुणीतरी युक्ती सांगितली होती, पण कोटाचं सांगायचं विसरलं होतं. मी शेजारी येऊन म्हणालो, "राजा, तो कोट काढ, नाहीतर आपण दोघेही बाहेर." तू म्हणालास, "आईने शिवलाय." मी म्हणालो, "आईला मी सांगत नाही, तू काढ." तो आपण गल्लीतल्या पिंपामागे लपवला. खेळ सुटल्यावर बघतो तर पिंप जागेवर आणि कोट पसार. तुझे दात इतके वाजत होते की मी माझा स्वेटर तुला दिला, आणि मग माझे वाजायला लागले. आईला तू लिहिलंस की कोट बसमध्ये राहिला.

त्या नाटकाचा दुसरा अंक उघडतो तेव्हा मिस ऑर्ला जिन्यावर उभी असते, हातात ट्रंक. खाली तिचे सगळे भाडेकरू रडताहेत. आणि ती गाते. घर तिचं, भाडेकरू तिचे, मग ट्रंक घेऊन ती का चालली? ते पहिल्या अंकात होतं, आणि पहिला अंक आपण बघितला नव्हता. त्या रात्री कॉफीच्या दुकानात आपण यावरूनच भांडलो. तू म्हणालास, "तिचं कुणाशी तरी जुळलंय, ती त्याच्याकडे चाललीय." मी म्हणालो, "आनंदाने जाणारी बाई ट्रंक दोन्ही हातांनी धरत नाही. तिला घराबाहेर काढलंय." शनिवारपर्यंत नाटक बंदसुद्धा पडलं. इथली चाल अशी की नाटक उघडलं की येत्या रविवारी सगळा संच स्टुडिओत जाऊन गाणी ध्वनिमुद्रित करतो. स्टुडिओचे पैसे आधीच भरलेले, म्हणून शनिवारी बेकार झालेले नट रविवारी सकाळपासून माइकसमोर उभे राहून गायले. तुला ही गोष्ट फार आवडायची. बंद पडलेल्या नाटकाची रेकॉर्ड कोण घेणार? कंपनीने थोड्या काढल्या आणि त्याही गुंडाळून टाकल्या. आपण मात्र तिचा शोध सुरू केला, आणि ती सापडेपर्यंत बाकीच्या हजारोंनी घर भरून गेलं.

आपल्या मिळकतीत तो शौक म्हणजे हत्ती पोसण्यासारखाच होता. तू नाचाच्या शिकवणीत पियानो वाजवणार, मी अंड्यांच्या बशा उचलणार. नवी रेकॉर्ड आपण कधी घेतलीच नाही. ज्या खपत नाहीत त्यांच्या कव्हरचा कोपरा कंपनी कापून टाकते आणि त्या मातीमोल विकते. आपलं घर म्हणजे कोपरे कापलेल्यांचा अनाथाश्रम. वाचनालयांनी काढून टाकलेल्या. पाणी पडून फुगलेल्या. एकीवर कुणीतरी मेणबत्तीच ओतली होती. ती तू केस वाळवायच्या यंत्राने तासभर गरम करत बसलास, आणि मग ती एका गाण्यापुरती का होईना, वाजली. सुई उड्या मारायला लागली की वर एक नाणं ठेवायचं. मूळ संचाची मिळाली तर उत्तम, नाहीतर दौऱ्यावरच्या संचाची. दिवे घालवून आपण रेकॉर्डची पहिली बाजू लावायचो. दुसरा अंक डोळ्यांनी बघितलेला असायचा, पहिला फक्त कानांनी. त्या अंधारात तू नायिकेला कुठल्या कोपऱ्यात उभी करायचास ते मला अजून दिसतं. कुणाला ही चैन वाटणार नाही. माझ्यासाठी तेवढीच होती आणि तेवढी पुरली असती.

मग त्या पेट्या यायला लागल्या. तू माझा हात धरून मला चर्चच्या त्या दुकानातून बाहेर काढलंस तो दिवस मला स्पष्ट आठवतो. एरवी दुकानात येते ती एखाददुसरी रेकॉर्ड, कुणी नको झाली म्हणून दिलेली. पण एकदम सगळ्या आल्या, अक्षरवार लावलेल्या, जिवापाड जपलेल्या, आणि सगळ्या संगीत नाटकांच्या, की समजायचं, ज्याचं घरचे नाव घेत नाहीत त्या आजाराने आपल्यातला कुणीतरी गेला आणि गावाकडून आलेल्या माणसांनी घर झाडलं. त्या दिवशीची पेटी आपल्या मित्राची, सिरिलची होती, आणि तिच्यात आपल्याला हवी नव्हती अशी एकही रेकॉर्ड नव्हती. आपण हात खिशात घालून उभे राहिलो. तेव्हा तू नियम केलास: ओळखीच्या माणसाची पेटी असेल तर हात लावायचा नाही. आपल्यासारख्या बाकीच्यांनीही तो आपसूक पाळला. फक्त एकाने पाळला नाही, म्हाताऱ्या फेन्स्टरने. चाकांची पिशवी ओढत तो सगळ्यात आधी हजर. त्याला 'गिधाड' हे नाव तूच ठेवलंस.

आता तुझी पेटी त्या दुकानात आहे. पेट्याच, एक नव्हे. दुकान सांभाळणाऱ्या क्विग्लीबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळा, वाईट वाटतं. पण इथे कुणासाठी राखून ठेवत नाही आम्ही. तुझ्यासाठी ठेवल्या तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, हा कपबशांचा संच माझ्या आजीचा होता." त्यांचंही खोटं नाही. म्हणून मी रोज पाळी संपली की टिपेचे पैसे घेऊन जातो आणि परवडतात तेवढ्या परत आणतो. स्वतःच्याच रेकॉर्ड्स! निल्साच्या पलंगाखाली ठेवतोय. ती म्हणते, "खोली घ्यायला पैसे नाहीत आणि ताटल्या घ्यायला आहेत?" तिला काय सांगू? मी एक परत आणतो तोवर कुणीतरी परका चार घेऊन जातो. बादलीला भोक आणि मी वाटीने पाणी भरतोय.

त्यापेक्षा वाईट पुढे आहे, आणि ते लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. तुझ्या शिकवणीतले ते दोघे नाचणारे, डेंटन आणि उंच मुलगी, दुकानात आले होते. डेंटनने एक रेकॉर्ड उचलली, उलटी केली, निळी शाई बघितली आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवली. मग दोघे माझ्याकडे आले आणि त्याने मला मिठी मारली. "कधी गेला?" म्हणाला. मी म्हणालो, "अरे, गेला नाही! जिवंत आहे तो. नेब्रास्कात आहे, आईवडिलांकडे." तो "हो, हो" म्हणाला आणि माझी पाठ थोपटत राहिला. त्या दिवसापासून हेच चाललंय. हॉटेलात कुणी येऊन माझा हात हातात घेतो. एकाने फुलं आणली. आपल्या ओळखीच्या अख्ख्या आठव्या अ‍ॅव्हेन्यूने तुला मारून टाकलंय, वेंडेल, आणि सगळे आपला नियम पाळून तुझ्या पेटीला हात लावत नाहीत. मी ओरडून सांगतो, तो आहे, आहे! लोकांना वाटतं दुःखाने माझं डोकं फिरलंय. परवा एका क्षणी मलाच शंका आली. मला कोण सांगणार होतं?

फोन करून बघितला. तुझे वडील म्हणाले, "तो झोपलाय." पुन्हा केला, पुन्हा झोपलेला. तिसऱ्यांदा तुझा भाऊ म्हणाला, "कृपा करून फोन करू नका, आईला त्रास होतो." दोन पत्रं घातली, ती पोचली की चुलीत गेली, देव जाणे. बसचं तिकीट काढून तुझ्या दाराशी येऊन उभा राहीन असंही मनात आलं. पण मग काय? दारात तुझे वडील हॅट काढून नम्रपणे 'झोपलाय' म्हणतील आणि मी नम्रपणे परत फिरेन. कोट घातलेला माणूस मी. लांबूनच ओळखू येतो.

आता 'मिस ऑर्ला'चं. ती रेकॉर्ड आपल्याला शेवटी मिळाली ती गेल्या शरदात, फुटपाथवर मांडलेल्या रद्दीत, सील न फोडलेली. तू त्याच आठवड्यात इस्पितळात गेलास. आजाराने एक डोळा तेव्हाच गेला होता. मी म्हणालो, रेकॉर्ड तिथे घेऊन येतो, कुणाकडून तरी यंत्र आणतो. तू म्हणालास, "नको. घरी आलो की ऐकू. दिवे घालवून." म्हणून ती तशीच बंद राहिली, आणि बंदच त्या दुकानात गेली. मी क्विग्लीबाईंकडे धावत पोचलो त्याआधीच फेन्स्टर तिला घेऊन गेला होता.

मी गिधाडाच्या घरी गेलो. तू कल्पनाही करू शकणार नाहीस. एकच खोली, आणि न्हाणीच्या टबातसुद्धा रेकॉर्ड्स. आंघोळीला तो शेजाऱ्याकडे जातो म्हणे. दार किलकिलं करून म्हणाला, "मला ठाऊक होतं तू येणार. देणार नाही." मी विनवण्या केल्या. शिव्या दिल्या. गयावया केली, तीही वाईट. तो म्हणाला, "तू कुठे झोपतोस? बहिणीच्या सोफ्यावर. तिची पोरं रेकॉर्डवर जेली वाढून घेतील. इथे ती माझ्यानंतरही टिकेल." मी म्हणालो, "तुझ्यानंतर तुझीही पेटी होईल, म्हाताऱ्या." हे बोलायला नको होतं. त्याने दार उघडून मला आत घेतलं. मग म्हणाला, "मी ओळखीच्यांच्या घेतो म्हणून तुम्ही पोरं मला नावं ठेवता ना? मी नाही घेतल्या तर कोण घेतं ठाऊक आहे? कुंड्यांखाली ठेवायला घेऊन जातात." त्याने कपाटातून 'मिस ऑर्ला' काढली, फळं कापायची सुरी घेतली आणि सरळ सील कापलं. सील फुटलं की त्या रेकॉर्डचा भाव कोसळतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणाला, "देणार नाही म्हणजे नाही. पण उतरवून घे. कॅसेट आहेत माझ्याकडे."

दोन कॅसेट भरल्या. त्याने आवाजाचं बटण फिरवायला हात घातला तेव्हा मी म्हणालो, "नको. आवाज बंदच राहू दे." तो म्हणाला, "वेडा आहेस की काय? इतकी वर्षं शोधत होतास ना?" मी म्हणालो, "एकट्याने ऐकायची नाहीये." मग आम्ही दोघे बसलो आणि रेकॉर्ड फिरताना बघत राहिलो. पहिली बाजू अशी संपली, आणि मिस ऑर्ला का चालली ते मला अजून कळलेलं नाही. निघताना फेन्स्टरने विचारलं, "तो आहे ना अजून?" त्या दुकानात येणाऱ्यांपैकी मला हे विचारणारा तो पहिला. मी म्हणालो, "आहे." तो म्हणाला, "मग लवकर पाठव."

तुझ्या आईच्या बिस्किटांचा डबा मी आणू शकलो नाही, तोही गेला. दर ख्रिसमसला ती आल्याची बिस्किटं, वर चिठ्ठी: 'वेंडेल आणि मित्रासाठी.' कधी नुसतं 'वेंडेलसाठी' लिहिलं नाही तिने, हे मी विसरलेलो नाही. तू बिस्किट खाता खाता तिची नक्कल करायचास. मावशीचं पत्र आलं की ती जेवणाच्या टेबलाशी ताठ उभी राहून ते मोठ्याने वाचायची, तारखेपासून सहीपर्यंत. शाळेत शिकवायची ना. मुलाने धडा वाचताना ओळ गाळली तर त्याला पहिल्यापासून वाचायला लावायची, आणि तोच नियम स्वतःलाही. मावशीने एकदा तुझ्या वडिलांना 'कवडीचुंबक' लिहिलं होतं, तर तेही तिने त्यांच्या तोंडावर खणखणीत वाचलं, आणि मग म्हणाली, "लिहिलंय ते लिहिलंय." आपण हसून हसून लोळायचो. मला वाटायचं, या बाईला एकदा भेटायला हवं.

तर आता कारण सांगतो. तुझ्या गावातून मला कळलं, कुणाकडून ते विचारू नकोस, की दुसराही डोळा गेला आणि आई रोज दुपारी तुझ्या उशाशी बसून वाचते, चर्चचं पत्रक, बियाण्यांची जाहिरात, हाताला लागेल ते. म्हणून या वेळी पाकिटावर तुझं नाव नाही, तिचं आहे. म्हणजे हे सगळं तू तिच्या आवाजात ऐकतो आहेस, आणि तुला ठाऊक असलेलं मी पुन्हा का लिहिलं ते आता तुला कळलं असेल. मिसेस हॉगन, ते तुमच्यासाठी होतं. तुमच्या घरात ज्या आजाराला कॅन्सर म्हणतात, त्याच्यापुढे मी काही करू शकत नाही, तुम्हीही करू शकत नाही. मला येऊ द्याल का असं विचारत नाही, रेकॉर्ड्सही मागत नाही. पाकिटात कॅसेट आहे. रविवारी चर्चहून आल्यावर तीन वाजता ती त्याच्या उशाशी लावा. इथे तेव्हा चार वाजलेले असतील आणि मी दिवे घालवून माझी लावेन. पडदे ओढून घ्या. त्याला अंधाराचा फरक पडणार नाही, पण तुम्हाला पडेल. गाणी ऐकून ती बाई ट्रंक घेऊन का चालली ते कळलं, तर त्याला विचारा की कोण बरोबर होतं, आणि जमलं तर मला एका ओळीने कळवा. तो अजून आहे, एवढं तरी त्या ओळीवरून मला इथल्या लोकांना दाखवता येईल. तुम्ही ओळ गाळत नाही असं तो सांगायचा, आणि इथवर गाळली नसेल असं मी धरून चाललोय. आता दोनच शब्द उरलेत. आजवर ते मी त्याला कुणासमोर म्हणालो नाही, आणि आता ते तुम्हालाच म्हणावे लागणार आहेत. गाळू नका.

तुझाच,
एफ्राइन